लाभ, दोन, तीन…

ता. हिंगणघाट, जि. वर्धा
कार्तिक वद्य पंचमी

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी अंगणात बाजेवर पडलो होतो. तू म्हणालीस, "बाबा, या गावात एक माणूस सरळ नाही." आणि मग ती बकरीची गोष्ट सांगितलीस. बकरीच्या कर्जाच्या पाहणीला तीन घरी गेलीस, तिन्ही घरी कानावर पांढरा ठिपका असलेली तीच बकरी बांधलेली, आणि तिसऱ्या घरी तर ती तुला ओळखून तुझी ओढणी चघळायला लागली. तू रडकुंडीला आली होतीस आणि मला हसू आवरेना. तू फोन ठेवलास. बरोबरच केलंस. पण बेटा, मला फोनवर नीट बोलता येत नाही. ३३ वर्षं कापसाच्या जिनिंगच्या काट्यावर फक्त वजनाचे आकडे ओरडले, त्यामुळे माझं बोलणं तेवढंच. म्हणून हे पत्र.

आधी हसू कशाचं आलं ते सांगतो. तू पहिल्या घरी चहा पीत असताना ती बकरी मागच्या दारानं सोडायची, गल्लीतून पळवत दुसऱ्या घरी न्यायची, तिथल्या खुंट्याला बांधून पुढं कडबा टाकायचा, आणि बाईमाणसानं तोंडावर असा भाव आणायचा की ही बकरी याच घरात लहानाची मोठी झाली. मग तुझी गाडी निघायच्या आत तिसऱ्या घरी. तीन घरांचं एवढं एकमत तर इथं ग्रामसभेतही होत नाही. ही माणसं खोटी आहेत हे खरंच. पण बिनडोक नाहीत, आणि या एका बाबतीत तर चांगलीच हुशार आहेत.

काट्यावर मी पहिल्यांदा उभा राहिलो ते १९८६ साली. तेव्हा कापूस एकाधिकार चालू होता, १९७२ पासूनचा. राज्यातला कापूस सरकारलाच विकायचा. खरेदी केंद्राबाहेर बैलबंड्यांची रांग लागायची, माणसं बंडीखालीच दोन-दोन रात्री झोपायची. आपल्याकडं भाव जास्त असला की परराज्यातला कापूस इकडं यायचा, तिकडं जास्त असला की आपला रात्रीतून हद्द ओलांडायचा. बैलांनासुद्धा भाव कळत असावा असं आम्ही म्हणायचो.

मला काम शिकवलं ते एका म्हाताऱ्या हमालानं. त्याचं नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं गावात आहेत. पहिलं गाठोडं काट्यावर चढलं की "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं, हे त्यानंच शिकवलं. लाभ, दोन, तीन. म्हाताऱ्याला अक्षर ओळखू येत नव्हतं. पण बंडीत खांद्यापर्यंत हात खुपसायचा, आतला मूठभर कापूस ओढून गालाला लावायचा आणि सांगायचा, "अकरा." म्हणजे ओलावा ११ टक्के. पुढं टोचायचं मीटर आलं. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, आठच्या वर कपात, बाराच्या वर माल परत, असा आजही सरकारी खरेदीचा हिशोब असतो. तेव्हा बारा आणि तेरामध्ये एका घरची दिवाळी अडकलेली असे. आम्ही गंमत म्हणून मीटर आणि म्हातारा यांची लावून दिली. मीटरनं १३ दाखवलं, म्हातारा म्हणाला १२. मीटर दुसऱ्या जागी टोचलं तर १२. म्हातारा मीटरकडं बघून म्हणाला, "शिकून राह्यलं बिचारं."

आणि हाच म्हातारा रोज संध्याकाळी घरी जाताना धोतराच्या ओट्यात मूठभर कापूस घेऊन जायचा. "देवाच्या वातीपुरता हाय बापू." ३० वर्षं वाती! त्या वातींनी अख्खं शेगाव उजळलं असतं. त्याच्या पोरीच्या लग्नात रुखवतावर तीन गाद्या होत्या. आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. गाद्यांकडं बघून कोणी काही बोललं नाही, फक्त एकानं गादी दाबून पाहिली आणि म्हणाला, "माल कोरडा हाय." सगळी पंगत हसली. म्हातारा सगळ्यात जास्त हसला.

नुसत्या नजरेनं वजन सांगणं ही आमच्या धंद्यातली मोठी ऐट. मला वाटायचं की हे अंगात असावं लागतं, एखाद्यालाच येतं. परवा तुझ्या भावानं मोबाईलवर एक गोष्ट वाचून दाखवली आणि माझी ऐट जरा उतरली. इंग्लंडात प्लिमथ म्हणून गाव आहे. १९०६ साली तिथल्या जनावरांच्या बाजारात एक बैल उभा केला होता. तो कापून साफ केल्यावर मांस किती भरेल ते चिठ्ठीवर लिहायचं, सहा पेन्स भरून. सुमारे ८०० लोकांनी लिहिलं. त्यात खाटीक होते, शेतकरी होते आणि काहीच न कळणारेही होते. गाल्टन नावाच्या शास्त्रज्ञानं त्या चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि ज्या नीट वाचता आल्या त्या ७८७ चिठ्ठ्या चढत्या क्रमानं लावून मधली पाहिली. त्यावर १२०७ पौंड होतं. बैल भरला ११९८. नऊ पौंडांचा फरक, म्हणजे चार किलो, पाच-साडेपाचशे किलोंच्या मालात! चार किलोंचा फरक तर आमच्या जुन्या काट्यावर वारा सुटला तरी यायचा. (बैल कापला हे तुझ्या आईला सांगू नको. मी तिला पोळ्याचा बैल म्हणून सांगितलं.)

हुशारी कुठं दडलेली असते याचा नेम नाही, हेच खरं. आपल्या वावरात वेचणीला येणारी बुढी आठवते ना, जी तुला बोरं आणून द्यायची? तिला यष्टीची पाटी वाचता येत नाही. पण २२ बायांची आठ दिवसांची वेचणी, कोणाची किती किलो, कोणी अर्ध्या दिवसानं गेली, कोणी उचल घेतली, सगळं तोंडपाठ. मी वहीत लिहायचो आणि शनिवारी चुकायची ती वही. शकुंतलादेवींची गोष्ट तू शाळेत असताना मला सांगितली होतीस. सर्कशीत काम करणाऱ्याची पोर, शाळा अशी धड झाली नाही, आणि १९८० साली लंडनमध्ये १३ आकडी संख्येला १३ आकडी संख्येनं गुणून २८ सेकंदांत उत्तर दिलं. ते ऐकलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. आपल्या बुढीला लंडनला कोणी नेलं नाही, एवढंच. अर्थात ही बुढी स्वतःच्या गाठोड्यात तळाला दोन-चार हिरवी बोंडं दडवते, वजनाला. मला माहीत आहे. तिला माहीत आहे की मला माहीत आहे. ताणकाटा झाडाला टांगला की ती आभाळाकडं बघते.

आता माझं ऐक. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही.

इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा लाल आकडे दिसायला लागले, ग्रॅमपर्यंत. गाठोडं ४७ किलो ६०० भरलं की मी ओरडायचो, "सत्तेचाळीस!" ५२ किलो ८५० की "बावन्न!" मालकानं असं कर म्हणून कधी सांगितलं नाही. मी तरी असं करतो म्हणून कुठं सांगितलं होतं? वर कडता, म्हणजे तुटीच्या नावाखाली वजनातली कपात, वेगळा कापला जायचाच. दिवसाला ६० गाठोडी धरली आणि सरासरी अर्धा किलो, तर ३० किलो. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत रोज. दिवाळीला मालक मला ५०० रुपये आणि सोनपापडीचा डबा द्यायचा, मी तो हसतमुखानं घ्यायचो. मी कोणाच्या खिशात हात घातला नाही, रुपया उचलला नाही. फक्त आकड्याची शेपटी तोडली. एखाद्या शेतकऱ्यानं मान उंच करून काट्याकडं पाहिलं तर मी पूर्ण आकडा म्हणायचो. म्हणजे मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

त्या काट्याच्या वर भिंतीला गजानन महाराजांची तसबीर होती. रोज सकाळी मीच हार घालायचो. २००६ साली इंग्लंडातल्या न्यूकॅसल विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. चहाच्या खोलीत पैशाची पेटी ठेवलेली, ज्यानं त्यानं आपापले टाकायचे. वर एका आठवड्याला फुलांचं चित्र, दुसऱ्या आठवड्याला नुसत्या डोळ्यांचं. डोळ्यांच्या आठवड्यात जवळजवळ तिप्पट पैसे जमले. पुढं दुसऱ्यांनी असले प्रयोग केले तेव्हा कुठं जमलं, कुठं नाही जमलं. आमच्याकडं नाही जमलं. महाराज बघत राहिले, मी सत्तेचाळीस म्हणत राहिलो.

आणि हे नक्की वाच, कारण तुझ्या कामाचं आहे. तू म्हणालीस ना, लोक खोट्या कागदावर डोळे झाकून सही करतात? २०१२ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता. सही फॉर्मच्या शेवटी घेण्याऐवजी सुरुवातीलाच घेतली, तर माणूस खाली खरं लिहितो, असं त्यात म्हटलं होतं. पुराव्याला विम्याच्या गाड्या किती किलोमीटर चालल्या त्याचे आकडे होते. नऊ वर्षं जगानं ते मानलं. मग कोणीतरी ते आकडे पुन्हा उघडून बघितले तर ते बनवलेले. २०२१ साली तो अभ्यास मागं घेतला. खरेपणा कसा आणावा यावरचा अभ्यास, आणि त्याच्याच बुडात हिरवी बोंडं! मला हे वाचून इतका आनंद झाला की तुझ्या भावाला दोनदा वाचायला लावलं. एवढ्या शिकलेल्या माणसांच्या गाठोड्यात बोंडं निघतात, तर तुझ्या बकरीवाल्यानं काय करावं?

कापसाला पाणी मारणारा एक शेतकरी होता. पाणी सगळेच कमीअधिक मारायचे, पण याचा हात कलावंताचा. संध्याकाळी एक थर कापूस पसरायचा, फवारणीच्या पंपानं नुसतं धुकं सोडायचं, वर दुसरा थर, वर पुन्हा धुकं. सगळ्यात वरचा हातभर थर कोरडा खडखडीत. सकाळपर्यंत पाणी असं जिरायचं की पिळून थेंब निघू नये आणि बंडीला २० किलो वाढावेत. म्हाताऱ्या हमालाशी त्याची ३० वर्षांची कुस्ती. म्हाताऱ्यानं पकडलं की तो म्हणायचा, "दव पडलं भाऊ, आभायाले कोण सांगावं." कोरड्या रात्रीसुद्धा त्याच्याच बंडीवर दव पडायचं.

२०११ ची गोष्ट असेल. जिनिंगच्या मुनीमानं त्याला चुकार्‍याच्या पैशात दुसऱ्याच शेतकऱ्याचं बंडल देऊन टाकलं. ४०,००० रुपये जास्त. रात्रीचे नऊ वाजले होते, काटा बंद करून मी हात धूत होतो. हा माणूस सात किलोमीटरवरून सायकलनं परत आला. पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मोजून घ्या. मुनीमाची नोकरी जाईन." मी म्हटलं, "अरे, दुपारीच तर तू २० किलो पाणी विकलं आम्हाले." तो चिडला. खरंच चिडला. "ते येगळं न भाऊ! ते धंद्यातलं. हे पैसे कोनाचे हायेत."

ते वेगळं. ही रेघ नेमकी कुठं आहे ते मला आजपर्यंत सापडलं नाही, पण रेघ आहे, आणि जवळपास प्रत्येकाजवळ स्वतःची आहे. २०१९ मध्ये काही संशोधकांनी हेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. ४० देशांत, ३५५ शहरांत, १७,००० च्या वर पाकिटं, बँकेत, हॉटेलात, नाट्यगृहात काउंटरवर नेऊन दिली, "रस्त्यात सापडलं, बघा कोणाचं आहे" म्हणून. काही रिकामी, काहींत पैसे. तूच सांग, जास्त कोणती परत आली असतील? मी रिकामी म्हटलं. मोठमोठे अर्थशास्त्रीही चुकले म्हणतात, तर मला काय. रिकामी परत आली १०० तली ४०, पैशांची ५१. तीन देशांत तर मोठी रक्कम घालून पाहिली, तिथं ७२. रिकाम्या पाकिटासाठी कोण फोन करत बसणार? पण पैसे दिसले की माणूस स्वतःच्याच डोळ्यांत चोर ठरायला लागतो, आणि तेवढं त्याला सोसत नाही. सायकलवाल्याचं हेच झालं असावं. पाण्यानं तो चोर होत नव्हता, बंडलानं झाला असता.

एवढं सगळं लिहिलं ते खरं म्हणजे पुढचं लिहायला धीर यावा म्हणून.

२०१३ साली तू वर्ध्याच्या होस्टेलात होतीस. तुझी फी भरायला दोन महिने उशीर झाला. बैल आजारी पडला, डॉक्टरला पैसे गेले, असं मी तुला सांगितलं. बैल धडधाकट होता.

तीन माणसं आली होती. एकाच्या अंगावर कोट, भर वैशाखात. त्यांच्याजवळ पाणी भरायचा तांब्याचा एक गुंड. यावर वीज पडली आहे, हा तांदूळ ओढतो, परदेशातली अवकाश संस्था याला कोट्यवधी देते, फक्त तपासणीचे पैसे आधी भरायचे. रात्री एका मळ्यात नेलं. कंदिलाच्या उजेडात थाळीत तांदूळ पसरला, गुंड जवळ आणला, आणि चिऊ, तांदूळ सरकला. एक-एक दाणा अळीसारखा. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी २२,००० दिले. त्याच्या दोन वर्षं आधी एका भंगारवाल्याच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक मीच पकडलं होतं, भर बाजारात, आणि लोकांनी माझी पाठ थोपटली होती. गुंडाच्या बुडाखाली हात घालून बघावं हे मला सुचलं नाही. तांदळाच्या दाण्यांवर लोखंडाची पूड चढवतात म्हणे. कोट घातलेली माणसं दुसऱ्या दिवशी गुंड माझ्याच घरी ठेवून "शास्त्रज्ञांना आणतो" म्हणून गेली.

पुढं २०१८ साली दिल्लीत असाच धंदा करणाऱ्या बापलेकांना पोलिसांनी धरलं. त्यांनी एका व्यापाऱ्याला नासाचं नाव सांगून १ कोटी ४३ लाखांना बुडवलं होतं. ती बातमी मी चारदा वाचली. न्यूटनसुद्धा १७२० साली शेअरमध्ये बुडाला होता म्हणतात. पण न्यूटननं पोरीला बैल आजारी आहे म्हणून सांगितलं नसेल.

तू तेव्हा मला उत्तर पाठवलं होतंस. "बाबा, बैलाची काळजी घ्या. मी मेसचा एक वेळचा डबा बंद केला आहे, मला तशीही भूक नसते." ते पत्र माझ्या पेटीत आहे, काट्याच्या जुन्या पावत्यांखाली. मी ते परत वाचलं नाही. वाचायची गरजही पडत नाही, पाठ आहे.

गुंड अजून घरात आहे. तुझ्या आईला मी सांगितलं होतं, मालकानं दिला. तिनं चिंच लावून घासला आणि माठाजवळ ठेवला. आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही. त्या दिवाळीत एकदा ती ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती, मी अंगणात दाढी करत होतो. आरशात मला दिसलं, तिनं सुपातला एक दाणा उचलला, शेजारच्या गुंडाला लावला, जरा वेळ धरला, आणि परत सुपात टाकला. माझ्याकडं पाहिलं नाही. पुढचा खडा वेचला.

इकडं पहिली वेचणी झाली, वावरात सीतादहीची पूजा केली. बुढी तुझी चौकशी करत होती. दिवाळीतला चिवडा तुझ्या मामाकडं दिला आहे, तो सोमवारी तुझ्या गावावरून जाणार आहे. डब्याचं वजन मी केलं नाही.

त्या बकरीवाल्या तिघांचं काय करायचं ते तुझं तू ठरव. सही तुझी लागते, नोकरी तुझी आहे, आणि माझ्यासारख्या माणसाचा सल्ला त्यात घेऊ नको. मला फक्त एवढं कळव, की ती बकरी मुळात कोणाची निघाली?

तुझा
बाबा